वृषणाचा पीळ : शस्त्रक्रियेनंतरची काळजी

वृषणाला पीळ पडल्यामुळे तातडीची शस्त्रक्रिया झालेला मुलगा घरी परततो, तेव्हा आई-वडिलांच्या मनात दोन प्रश्न असतात. हे पुन्हा होईल का? आणि सायकल, क्रिकेट, तालीम आता कायमची बंद करावी का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी शस्त्रक्रियेत नेमके काय केले गेले यावर अवलंबून असते. दुसऱ्याचे उत्तर घरोघरी समजले जाते त्यापेक्षा पुष्कळच दिलासा देणारे आहे.

वृषण हे वृषणरज्जूच्या आधाराने लोंबते. रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि वीर्यवाहिनी या रज्जूतूनच जातात. सर्वसाधारणपणे वृषणाची मागची बाजू पिशवीच्या आतल्या आवरणाशी जोडलेली असल्याने ते जागच्या जागी राहते. काही मुलांत ही जोडणी जन्मतःच अपुरी असते आणि वृषण घंटेतील लोलकासारखे मोकळे हलते. अशा वृषणाने गिरकी घेतली की रज्जू पिळला जातो. प्रथम नीला दबतात, सूज चढते आणि मग रोहिणीतून येणारे रक्तही थांबते. ६ तासांच्या आत पीळ सोडवल्यास बहुतेक वृषणे वाचतात. १२ तासांनंतर ही शक्यता निम्म्यावर येते आणि २४ तासांनंतर फारच थोडी उरते.

ही सदोष रचना बहुधा दोन्ही बाजूंना असते. म्हणूनच सर्जन पिळलेले वृषण सोडवून टाक्यांनी स्थिर करतात आणि त्याच वेळी दुसरे, वरकरणी निरोगी वृषणही टाके घालून बांधून ठेवतात. ‘दुखत होते एका बाजूला आणि कापले दोन्हीकडे’ अशी तक्रार काही नातेवाईक करतात. वस्तुतः ती खबरदारीच असते. एक वृषण निकामी होऊन काढावे लागले असेल, तर उरलेले बांधलेले असणे अधिकच महत्त्वाचे ठरते.

खरा धोका असतो तो टाके न घातलेल्यांना. कधी डॉक्टर बाहेरूनच हाताने पीळ सोडवतात, तर कधी तो आपोआप सुटतो. वेदना झटकन थांबतात आणि घरचे लोक सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु वृषण पूर्वीइतकेच मोकळे राहिलेले असते. अचानक उठणारी आणि तितक्याच अचानक शमणारी कळ वारंवार येत असेल, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलण्यात शहाणपणा नाही.

टाके घातल्यानंतर पुन्हा पीळ पडणे विरळा आहे, अशक्य मात्र नाही. काही वर्षांनी तसे घडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. त्यांतील अनेकांमध्ये कालांतराने विरघळणारे टाके वापरलेले होते. त्यामुळे न विरघळणाऱ्या धाग्याला पुष्कळ सर्जन पसंती देतात. ‘ऑपरेशन झाले आहे, म्हणजे आता पीळ पडणारच नाही’ असे मानून दुखणे अंगावर काढणे, ही या रुग्णांची सर्वांत महागात पडणारी समजूत होय.

आता हालचालींविषयी. खेळल्यामुळे पीळ पडतो असा समज दृढ आहे. प्रत्यक्षात कित्येक मुलांना पहाटे झोपेतच कळ येते. वृषण वर खेचणाऱ्या स्नायूचे आकुंचन त्याला पुरेसे ठरते. तेव्हा मुलाला जन्मभर खेळापासून तोडण्यास आधार नाही. शस्त्रक्रियेनंतरची बंधने जखम भरण्यासाठी असतात. साधारण आठवडाभरात शाळा सुरू करता येते. धावणे, सायकल, पोहणे, जड ओझे उचलणे हे सामान्यतः २ ते ४ आठवडे टाळावे लागते. मलखांब किंवा कुस्तीसारख्या, जिथे मांड्यांची पकड आणि धडक दोन्ही येतात, अशा खेळांसाठी सर्जनची स्पष्ट परवानगी घ्यावी. सुरुवातीचे काही दिवस घट्ट चड्डी किंवा सपोर्टर वापरल्याने ओढ कमी जाणवते. एकच वृषण उरलेल्याने मात्र क्रिकेट, हॉकी, कबड्डी खेळताना संरक्षक कप नेहमीच वापरावा. तरुण विवाहितांनी समागम काही आठवडे टाळावा.

वाचलेले वृषणही पुढील काही महिन्यांत आक्रसू शकते, म्हणून फेरतपासणी चुकवू नये. एकच निरोगी वृषण असले तरी पुरुषी संप्रेरके आणि अपत्यप्राप्ती यांसाठी ते सहसा पुरेसे असते, हे मुलाला मोकळेपणाने सांगितले पाहिजे. त्याच्या मनातली भीती बहुधा हीच असते.

अवघड जागी दुखणे आणि जावई डॉक्टर, ही म्हण हसण्यावारी नेण्याजोगी नाही. लाजेपोटी मुले केवळ ‘पोटात दुखते’ एवढेच सांगतात, उलट्या होतात, आणि घरात ओवा किंवा पित्ताची गोळी देण्यात मोलाचे तास निघून जातात. एकदा पीळ पडलेल्या मुलाच्या बाबतीत तर ओटीपोटात वा वृषणात अचानक कळ आली, वृषण वर चढले, सूज दिसली, तर रात्र असली तरी थेट शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. वाटेत काही खायला-प्यायला देऊ नये, कारण भूल द्यावी लागू शकते. सोबत जुने डिस्चार्ज कार्ड न्यावे. कोणत्या बाजूला पीळ होता, दोन्हीकडे टाके घातले का आणि धागा कोणता होता, या तीन गोष्टी त्यावर लिहिलेल्या नसतील, तर पुढच्या फेरतपासणीच्या वेळी सर्जनकडून लिहून घ्याव्यात.