विश्लेषण : परिचारिका आघाडीवर, रुग्णालये विद्यार्थिनींच्या भरवशावर

युद्धकाळातील परिचारिका म्हटले की आघाडीजवळचा तंबू आणि जखमी सैनिक डोळ्यांसमोर येतात. परंतु त्या परिचारिका ज्या गावांतून गेल्या, तेथील रुग्णांचे काय झाले? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेपुढे हाच प्रश्न उभा राहिला. त्यावर काढलेला तोडगा यशस्वी ठरला. मात्र ज्यांच्या श्रमांवर तो उभा होता, त्यांचा हिशेब अपुराच राहिला.

टंचाई कशी निर्माण झाली?

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि प्रशिक्षित परिचारिकांना लष्कराचे बोलावणे येऊ लागले. युद्ध संपेपर्यंत ५९ हजारांहून अधिक परिचारिकांनी लष्कराच्या परिचर्या दलात सेवा केली. नौदलाकडे गेलेल्या वेगळ्या. मोठ्या शहरातील रुग्णालयाला ही गळती काही काळ सोसता आली. ग्रामीण रुग्णालयात मात्र मुळातच तीन-चार परिचारिका असत. त्यांतील दोघी गेल्या की रात्रपाळीला कोणी उरत नसे. बाळंतपणे, अपघात आणि साथीचे आजार तर युद्धासाठी थांबणार नव्हते.

सरकारने कोणता मार्ग काढला?

ओहायोच्या लोकप्रतिनिधी फ्रान्सिस पेन बोल्टन यांनी पुढाकार घेतलेला कायदा १९४३ च्या मध्यावर संमत झाला आणि ‘कॅडेट नर्स कोअर’ ही योजना सुरू झाली. सार्वजनिक आरोग्य सेवेकडे तिचा कारभार सोपवण्यात आला. ल्युसिल पेट्री तिच्या संचालक होत्या. १७ ते ३५ वर्षे वयाच्या, शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या मुलींना प्रवेश खुला होता. शिक्षणशुल्क, पुस्तके आणि करड्या रंगाचा गणवेश यांचा खर्च सरकार करी. पहिले नऊ महिने दरमहा १५ डॉलर आणि त्यानंतर २० डॉलर विद्यावेतन मिळे. शेवटच्या सहा महिन्यांत किमान ३० डॉलर देण्याची जबाबदारी रुग्णालयाची असे. ३६ महिन्यांचा अभ्यासक्रम ३० महिन्यांवर आणण्यात आला. बदल्यात युद्ध संपेपर्यंत लष्करी अथवा नागरी परिचर्येत राहण्याचे वचन द्यावे लागे.

वंश वा धर्मावरून भेदभाव करण्यास कायद्याने मनाई होती. त्यामुळे तीन हजारांहून अधिक कृष्णवर्णीय मुलींना प्रवेश मिळाला. जपानी वंशाच्या म्हणून ज्यांची कुटुंबे सरकारनेच छावण्यांत डांबली होती, अशा शेकडो तरुणीही या योजनेतून परिचारिका झाल्या.

ग्रामीण रुग्णालयांना त्याचा उपयोग कसा झाला?

परिचर्येचे शिक्षण देणाऱ्या संस्था बहुतांशी मोठ्या रुग्णालयांना जोडलेल्या होत्या. लहान रुग्णालयांपर्यंत मदत पोहोचली ती शेवटच्या सहा महिन्यांत. या काळात विद्यार्थिनीला लष्करी रुग्णालय, माजी सैनिकांचे रुग्णालय, आदिवासींसाठीची सरकारी आरोग्यसेवा, सार्वजनिक आरोग्य विभाग किंवा ग्रामीण परिचर्या यांपैकी एखाद्या ठिकाणी काम करता येई. गावातील रुग्णालयाला त्यामुळे जवळपास पूर्ण शिकलेली परिचारिका मिळे. मात्र तिची मुदत संपली की नव्या मुलीची वाट पाहणे आलेच.

कामाचे स्वरूप कसे होते?

नाव विद्यार्थिनीचे, काम कर्मचाऱ्याचे, अशी ही स्थिती होती. रुग्णांना अंघोळ घालणे, अंथरुणे बदलणे, काचेच्या सिरिंज उकळणे, सुयांना धार लावणे ही रोजची कामे. पेनिसिलिन तेव्हा नुकतेच वापरात येत होते आणि त्याचे इंजेक्शन साधारणतः दर तीन तासांनी द्यावे लागे. म्हणजे रात्रीच्या झोपेलाही घड्याळाचे काटे होते. १९४४ मध्ये पोलिओची मोठी साथ आली, तेव्हा लोकरीचे कापड कढत पाण्यातून काढून, पिळून, मुलांच्या आखडलेल्या अवयवांवर पुन्हा पुन्हा गुंडाळावे लागे. वॉर्डातील पाळी आणि वर्गातील तास यांची सांगड ज्याची त्याने घालायची. निवास वसतिगृहात, बाहेर जाण्या-येण्याच्या वेळा ठरलेल्या. विवाह केल्यास अनेक संस्था शिक्षणच थांबवत.

हा प्रकार युद्धाने जन्माला घातलेला नव्हता. परिचर्या विद्यालय चालवायचे आणि विद्यार्थिनींच्या स्वस्त श्रमांवर वॉर्ड चालवायचे, ही रुग्णालयांची जुनी रीत होती. युद्धाने तिला राष्ट्रीय कार्याचे रूप दिले.

फलित काय?

ऑक्टोबर १९४५ मध्ये नवे प्रवेश थांबले. तोवर सुमारे १ लाख ८० हजार तरुणी दाखल झाल्या होत्या; त्यांतील १ लाख २४ हजारांनी शिक्षण पूर्ण केले. युद्धाच्या अखेरीस देशातील रुग्णालयांतील सुमारे ८० टक्के परिचर्या विद्यार्थिनींच्या हातून होत होती, असा अंदाज आहे. तरीही लष्कराची गरज भागत नव्हती. जानेवारी १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी परिचारिकांची सक्तीची भरती करण्याचा प्रस्ताव मांडला. प्रतिनिधीगृहाने तो संमतही केला; पण जर्मनीच्या शरणागतीनंतर तो मागे पडला.

मग उणीव कोठे राहिली?

लष्करी विमाने इकडून तिकडे पोहोचवणाऱ्या महिला वैमानिकांना १९७७ मध्ये आणि व्यापारी जहाजांवरील खलाशांना १९८८ मध्ये माजी सैनिकांचा दर्जा मिळाला. कॅडेट परिचारिकांना मात्र, गणवेश आणि वचन दोन्ही असूनही, तो मिळाला नाही. त्यासाठीची विधेयके अमेरिकी काँग्रेसमध्ये वारंवार मांडली गेली. मागणी मोठ्या निवृत्तिवेतनाची नव्हती. सेवेची नोंद, पदक आणि थडग्यावरील फलक एवढीच होती. ती मागणाऱ्या बहुतेकींनी नव्वदी गाठली होती.

मे २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना आपल्याकडेही, अंतिम परीक्षेच्या प्रतीक्षेतील परिचर्या विद्यार्थ्यांना कोविड सेवेत घेण्याची मुभा देण्यात आली. १०० दिवस सेवा करणाऱ्यांना सरकारी भरतीत प्राधान्याचे आश्वासनही होते. संकटाच्या वेळी शिकणारे हात कामाला लावावे लागतात, यात गैर काही नाही. मात्र काम पूर्ण घ्यायचे असेल, तर कामाचे तास, मोबदला आणि सेवेची नोंद यांविषयीचा निर्णय त्याच वेळी कागदावर यायला हवा. नंतर होणाऱ्या गौरवसमारंभाने त्याची भरपाई होत नाही.