पाण्याचा हिशेब कोण ठेवणार?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याने भरलेली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. मांजरा धरण कोरडे पडले होते. पहिल्या गाडीच्या १० टाक्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. लाखोंच्या वस्तीला ते किती पुरणार?

दुष्काळ मराठवाड्याला नवा नाही, पण आता पावसाची चालच बदलते आहे. हवा १ अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावते. त्यामुळे पाऊस येतो तेव्हा कोसळतो आणि मध्ये मोठे खंड पडतात. कोसळलेल्या पाण्याला मुरायला वेळ मिळत नाही. ते माती घेऊन ओढ्याला जाते.

अशा पावसाशी जुळवून कसे घ्यायचे, हे अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने दाखवले आहे. पर्जन्यछायेतल्या या गावात वर्षाला सरासरी जेमतेम ४०० मिलिमीटर पाऊस पडतो. १९९० च्या दशकात पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावकऱ्यांनी श्रमदानाने डोंगरउतारावर चर खणले, बंधारे घातले, झाडे लावली. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली.

चर आणि बंधारे इतर अनेक गावांतही झाले. तरी तिथे उन्हाळ्यात टँकर येतो. मग फरक कुठे पडला? हिवरे बाजारने पाणी अडवले, तसेच उपशावरही बंधन घातले. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, असे गावाने ठरवले. पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे येतो. आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढायचे, उरलेल्यावर पिके ठरवायची. हा नियम नसेल तर ज्याची बोअर खोल त्याचे पीक तरते आणि शेजाऱ्याची विहीर आटते. जमिनीखालच्या पाण्याला बांध नसतो.

असा हिशेब आपल्या घरातही ठेवता येतो. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये आले आहे. मुद्द म्हणजे साधारण पाऊण लिटर. आज मुलांना एक प्रयोग करायला सांगा: नळाखाली बादली ठेवून नेहमीसारखा वुजू करा आणि नंतर बादलीतले पाणी तांब्याने मोजा. उपदेशापेक्षा हा आकडा त्यांच्या जास्त लक्षात राहील.

मशिदीच्या वुजूखान्यात पाच वेळा वाहणारे पाणी झाडांना किंवा शोषखड्ड्यात वळवता येते, छताचे पाणी विहिरीकडे नेता येते. मात्र हे एकट्याचे काम नाही. पावसाळ्यापूर्वी मशिदीच्या कमिटीने, मोहल्ल्यातल्या बायकांनी आणि तरुणांनी एकत्र बसून ठरवावे. पाणी रोज बायकाच भरतात. या बैठकीत त्यांचे म्हणणे आधी ऐकावे.