विश्लेषण : ‘चालतंय ना, मग कशाला बदलायचा?’ विंडोज १० नंतर नाशिकच्या छोट्या कारखान्यांनी काय करावे?

सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतील एखादा छोटा कारखाना. सकाळी संगणक सुरू होतो, बिले निघतात, जीएसटीचे विवरण भरले जाते. विंडोज १० ची मुदत संपल्याची सूचना मात्र अधूनमधून पडद्यावर येते. मालक म्हणतात, ‘चालतंय तोवर चालवू.’ हिशेब लिहिणारे म्हणतात, ‘मार्चअखेर होऊन जाऊ द्या.’ दुरुस्तीला येणारा म्हणतो, ‘साहेब, नवाच घ्या.’ तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. तरीही सगळ्या संगणकांना एकच उत्तर लागू पडत नाही. कोणत्या संगणकावर कोणते काम चालते, हे आधी पाहावे लागते.

नेमके काय थांबले?

मायक्रोसॉफ्टने जुलै २०१५ मध्ये आणलेल्या विंडोज १० ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांची सेवाही त्याच दिवशी थांबली. संगणक त्यामुळे बंद पडत नाही. मात्र विंडोजमध्ये नवी त्रुटी सापडली, तर ती बुजवणारे मोफत अपडेट यापुढे आपोआप मिळत नाही. दाराला कुलूप आहे, पण ते बिघडले तर दुरुस्त करून देणारा कोणी नाही, अशी ही स्थिती.

धोका खरा आहे का?

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने सुमारे १५० देशांतील संगणक गाठले. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. ज्या त्रुटीतून तो शिरला, तिचे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिले होते. ज्यांनी ते बसवले नव्हते, ते सापडले. छोट्या कारखान्यात सगळे संगणक एकाच नेटवर्कवर असतात. एकात व्हायरस शिरला, की ड्रॉइंग, खतावणी आणि ग्राहकांच्या ऑर्डरी एकाच वेळी अडकू शकतात.

विंडोज ११ टाकले की झाले?

पात्र संगणकावर ते मोफत टाकता येते. त्यासाठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागते. इंटेलचा प्रोसेसर असेल, तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा हवा. ‘आय-५ ७४००’ मधील ७ म्हणजे सातवी पिढी, ‘आय-५ ८४००’ मधील ८ म्हणजे आठवी. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत अ‍ॅपही पात्रता सांगते. अपात्र संगणकावर आडवाटेने विंडोज ११ टाकून देणारे भेटतात, पण तेथे पुढची अपडेट मिळतीलच, याची हमी कंपनी देत नाही.

जुन्या प्रोग्रामचे काय?

खरी अडचण अनेकदा इथे असते. आडत दुकानाची पट्टी किंवा कारखान्याचे पगारपत्रक काही ठिकाणी अजूनही डॉसच्या काळातील फॉक्सप्रोवर चालते. असे १६ बिटचे प्रोग्राम ३२ बिट विंडोज १० वर चालू शकत होते. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही, त्यामुळे तेथे ते थेट उघडत नाहीत. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फायली एक्सेल किंवा लिब्रे ऑफिसमध्ये उघडता येतात, म्हणजे आकडे वाचवता येतात. जुन्या फॉन्टमधील मराठी नावे मात्र अगम्य दिसू शकतात. ती युनिकोडमध्ये बदलून घेण्याचे काम संगणक बदलण्याआधीच करावे.

मुदतवाढ मिळते का?

घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सुरक्षा अपडेट जाहीर केली. त्यासाठी ३० डॉलर भरणे किंवा विंडोज बॅकअप सुरू करणे, असे पर्याय दिले. व्यवसायांसाठी दर वेगळा आहे. पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर, मग दरवर्षी दुप्पट आणि जास्तीत जास्त तीन वर्षे. तिन्ही वर्षांचे मिळून ४२७ डॉलर होतात. मुदतवाढ घेण्यापूर्वी ही रक्कम नव्या संगणकाच्या किमतीशी ताडून पाहावी.

लिनक्सचा पर्याय?

लिनक्स मोफत आहे आणि जुन्या संगणकावरही बरे चालते. पत्रे, तक्ते, ईमेल आणि ब्राउझरवरील कामांना ते पुरते. मात्र टॅली विंडोजसाठी बनलेले आहे. निविदा भरताना लागणारी डिजिटल सही लिनक्सवर चालते का, हेही आधी तपासावे लागते.

निर्णय कसा घ्यावा?

संगणकांची यादी करून तीन गट पाडावेत. ज्यावर बँक, जीएसटी आणि ईमेल चालते, तो सर्वांत आधी बदलावा. ज्यावर फक्त टायपिंग होते, तेथे लिनक्सचा विचार करता येईल. सीएनसी मशीनला केबलने प्रोग्राम पाठवणारा जुना संगणक बदलणे शक्य नसेल, तर त्याचे इंटरनेट काढावे आणि त्याला वेगळा, तपासलेला पेनड्राइव्ह ठेवावा.

यादी करताना रोज बिल करणाऱ्या कर्मचाऱ्याला शेजारी बसवावे. कोणता प्रिंटर कोणत्या प्रोग्रामला लागतो, कोणती फाइल कुठे ठेवली आहे, हे बहुधा त्यालाच माहीत असते. खरेदीच्या वेळी त्याला विचारले जात नाही आणि नवा संगणक आल्यावर चार दिवस काम अडते. त्यामुळे जुना आणि नवा संगणक महिनाभर शेजारी-शेजारी चालवणे शहाणपणाचे.

संगणक बदलायला मार्चअखेरपर्यंत थांबायचे असेल, तर निदान बॅकअपला तरी थांबू नये. हिशेब आणि ड्रॉइंगची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. ठेवण्याआधी त्यातील एखादी फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. ती उघडली, तरच बॅकअप झाला असे समजावे.