नळदुर्ग, पॅरिस आणि दहा लाख पौंड

13 सप्टेंबर 1948 च्या पहाटे भारतीय सैन्य सोलापूरहून निघालं आणि नळदुर्गला हैदराबाद संस्थानात शिरलं, हे मराठवाड्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण त्याच आठवड्यात पॅरिसमध्ये काय चाललं होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. 16 सप्टेंबरला संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद तिथे भरली होती आणि तिच्यापुढचा विषय होता हैदराबाद. बीड, परभणी, नांदेड ज्या राज्यात होते त्या राज्याचं पुढे काय व्हायचं, यावर सीन नदीच्या काठी खल चालू होता!

हे घडलं कसं? निजाम मीर उस्मान अली खान यांचं संस्थान म्हणजे सुमारे 2 लाख 14 हजार चौरस किलोमीटर मुलूख आणि दीड कोटीहून जास्त माणसं. स्वतःचं चलन, टपाल, रेल्वे, शिवाय स्वतःची विमान कंपनी. नव्हता तो फक्त समुद्र. चारही बाजूंनी भारत. स्वतंत्र राहायचं तर बंदर हवं, म्हणून निजामाच्या माणसांनी गोव्याचं मुरगाव बंदर विकत किंवा भाड्याने मिळेल का, याची पोर्तुगिजांकडे चाचपणी केली. बंदर मिळालं असतं तरी तिथवर जाणारी वाट भारताच्याच मुलखातून होती, हे त्यांना दिसत नसेल असं मला वाटत नाही. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय!

29 नोव्हेंबर 1947 ला भारत आणि हैदराबाद यांच्यात वर्षभराचा ‘जैसे थे’ करार झाला. त्यानंतर थोड्याच काळात निजाम सरकारने पाकिस्तानला 20 कोटी रुपयांचे रोखे कर्जाऊ दिल्याचं उघड झालं आणि दिल्लीचं माथं भडकलं. जमिनीचा रस्ता बंद, समुद्र नाही, तेव्हा उरलं आकाश. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानं भरभरून शस्त्रं हैदराबादेत उतरवू लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर चोरून जर्मनीची हवाई छायाचित्रं घेणारा तो हाच. पुढे ब्रिटनमध्ये त्याला या उद्योगाबद्दल शिक्षा झाली ती 200 पौंड दंडाची.

शस्त्रांसोबत दुसरा डावही टाकला होता. 21 ऑगस्ट 1948 ला हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार पाठवली. निजाम सरकारचे मंत्री मोईन नवाज जंग शिष्टमंडळ घेऊन गेले. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनुसार सदस्य नसलेलं राष्ट्रही अशी तक्रार करू शकतं, पण त्यासाठी आधी ते राष्ट्र असावं लागतं. हैदराबाद राष्ट्र होतं का? भारताचे प्रतिनिधी रामस्वामी मुदलियार यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. मोठमोठ्या देशांचे मुत्सद्दी या पेचात गुंतलेले असताना 17 सप्टेंबरला निजामाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली आणि काही दिवसांतच तक्रारही मागे घेतली. तरी विषय संपला नाही. मे 1949 मध्ये परिषदेने त्यावर पुन्हा चर्चा केली. निर्णय काहीच झाला नाही, पण ‘हैदराबाद प्रश्न’ परिषदेच्या प्रलंबित विषयांच्या यादीत पुढे कित्येक दशकं राहिला.

खरी गंमत पैशांची आहे. त्याच सप्टेंबरात, मोईन नवाज जंग यांच्या सांगण्यावरून, लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेतले हैदराबादचे 10,07,940 पौंड आणि 9 शिलिंग पाकिस्तानचे तिथले उच्चायुक्त हबीब इब्राहिम रहीमतुल्ला यांच्या खात्यात गेले. शरणागतीनंतर निजामाने ते परत मागितले. बँकेने हात वर केले. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. एका देशाच्या न्यायालयाने दुसऱ्या सार्वभौम देशाला त्याच्या मर्जीविरुद्ध खेचायचं नाही, या तत्त्वावर 1957 मध्ये तो दावा अडला. पैसा निजामाला मिळाला नाही आणि पाकिस्तानलाही उचलता आला नाही. तो बँकेत पडून वाढत राहिला. 1967 मध्ये निजाम वारले.

2013 मध्ये पाकिस्ताननेच दावा लावला आणि स्वतःचं संरक्षक कवच आपल्या हाताने उतरवलं! शस्त्रांच्या मोबदल्यात ही रक्कम आली, असंही पाकिस्तानचं म्हणणं होतं. कॉटनची ती उड्डाणं सत्तर वर्षांनी लंडनच्या न्यायालयात पुन्हा निघाली. 2 ऑक्टोबर 2019 ला न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी निकाल दिला: पैसा निजामाच्या वारसांचा आणि त्यांच्याशी समझोता केलेल्या भारताचा. तोवर दहा लाखांचे साडेतीन कोटी पौंड झाले होते.

या चमत्कारिक कथेखाली दुसरी एक कथा दबते. त्या लष्करी कारवाईच्या, म्हणजे ‘पोलीस ॲक्शन’च्या काळात आणि त्यानंतर संस्थानात झालेल्या हिंसाचारात किमान 27 ते 40 हजार माणसं गेली, असा भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीचा अंदाज होता. उस्मानाबाद (आजचं धाराशिव) आणि नांदेड हे सर्वाधिक पोळलेल्या जिल्ह्यांत होते. तो अहवाल कित्येक वर्षं दडवून ठेवला गेला. पौंड-शिलिंगांचा हिशेब न्यायालयात चोख लागला, या माणसांचा लागला नाही.

लंडनचा तो निकाल आता कुणालाही वाचता येतो. लातूर, नांदेड, धाराशिवच्या वाचकांनी तो सुंदरलाल अहवालाशेजारी ठेवून जरूर वाचावा.