अफूला पर्यायी शेती (थायलंड)

अफूला पर्यायी शेती म्हणजे अफूच्या बेकायदेशीर लागवडीवर उपजीविका करणाऱ्या शेतकऱ्यांना कायदेशीर पिके, बाजारपेठ आणि सार्वजनिक सेवा मिळवून देऊन त्या पिकावरील त्यांचे अवलंबित्व कमी करण्याची पद्धती होय. आंतरराष्ट्रीय परिभाषेत तिला 'पर्यायी विकास' म्हणतात. उत्तर थायलंडमध्ये १९६९ साली सुरू झालेला रॉयल प्रोजेक्ट आणि १९८८ साली सुरू झालेला डोई तुंग विकास प्रकल्प ही तिची प्रमुख उदाहरणे आहेत. भारतात मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात औषधनिर्मितीसाठी केंद्र सरकारच्या परवान्याने होणारी अफूची शेती या संज्ञेत येत नाही.

पार्श्वभूमी

थायलंड, म्यानमार व लाओस यांच्या सीमा जेथे मिळतात तो प्रदेश 'सुवर्ण त्रिकोण' या नावाने ओळखला जातो. थायलंडच्या बाजूच्या डोंगरांत ह्माँग, मियेन, लाहू, लिसू, अखा इत्यादी जमाती राहतात. जंगल तोडून व जाळून फिरती शेती करणे ही त्यांची रीत होती. भात व मका ही पोटापुरती पिके आणि अफू हे रोख पैशाचे पीक, अशी या शेतीची सर्वसाधारण घडी असे.

अफूला या डोंगरांत स्थान मिळण्यामागे व्यावहारिक कारणे होती. बोंडांना चिरा देऊन गोळा केलेला चीक वजनाला हलका, किमतीला भारी आणि दीर्घकाळ टिकणारा असतो. रस्ता नसलेल्या गावातून तो पाठीवर अथवा खेचरावर लादून नेता येतो. व्यापारी स्वतः गावात येत आणि प्रसंगी आगाऊ रक्कमही देत. दवाखाना नसलेल्या वस्तीत वेदना, खोकला व अतिसार यांवर अफू हेच औषध होते. त्यातून व्यसनही पसरले.

सारित थानारात यांच्या राजवटीत १९५९ साली अफूची विक्री व सेवन यांवर बंदी आली; परंतु डोंगरातील लागवड थांबली नाही. १९६५-६६ च्या सर्वेक्षणात अफूखालील क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर असल्याचा अंदाज करण्यात आला होता.

रॉयल प्रोजेक्ट

राजे भूमिबोल अदुल्यादेज यांना चियांग माईजवळील डोई पुई येथील ह्माँग शेतकऱ्यांकडून असे समजले की, गावठी पीचच्या फळांपासून त्यांना जवळजवळ अफूइतकेच उत्पन्न मिळते. गावठी झाडावर सुधारित वाणाचे कलम केल्यास हे उत्पन्न वाढेल, या विचारातून संशोधनाला चालना मिळाली. राजांनी कासेत्सार्त विद्यापीठाला जमिनीसाठी दोन लक्ष बाट दिले. १९६९ मध्ये प्रकल्प सुरू झाला व आंग खांग येथे त्याचे पहिले संशोधन केंद्र उभे राहिले. राजपुत्र भीसदेज रजनी यांनी प्रकल्पाचे दीर्घकाळ नेतृत्व केले.

पीच, अलुबुखार, स्ट्रॉबेरी, राजमा, थंड हवेतील भाज्या, फुले आणि अरेबिका कॉफी या पिकांची चाचणी घेण्यात आली. तैवानकडून फळझाडांची वाणे मिळाली. तांबेरा रोगाला दाद न देणाऱ्या कॉफीच्या वाणांवर संशोधन झाले. तथापि नाशवंत माल डोंगरातून शहरात पोहोचवणे ही मुख्य अडचण होती. त्यासाठी रस्ते, प्रतवारी, शीतगृहे आणि प्रक्रिया कारखाने उभारावे लागले. पहिला कारखाना १९७२ मध्ये फांग येथे सुरू झाला. 'डोई खाम' या नावाने ही उत्पादने विकली जातात. १९८८ मध्ये प्रकल्पाला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

उभी अफू नष्ट करण्याची नियमित मोहीम १९८४-८५ च्या हंगामात, म्हणजे प्रकल्प सुरू झाल्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी हाती घेण्यात आली. आधी उत्पन्नाचा पर्याय आणि मग सक्ती, हा क्रम थायलंडच्या अनुभवाचे वैशिष्ट्य मानला जातो.

डोई तुंग

चियांग राई प्रांतातील डोई तुंग प्रकल्प राजमाता श्रीनगरिंद्रा यांच्या पुढाकाराने सुरू झाला. उघड्या पडलेल्या डोंगरांवर पुन्हा वनीकरण करताना स्थानिकांनाच मजुरीवर काम देण्यात आले. त्यामुळे नवी झाडे फळाला येईपर्यंतच्या काळात त्यांच्या हाती पैसा राहिला. प्रथम आरोग्य व व्यसनमुक्ती, नंतर उपजीविका आणि शेवटी शिक्षण, अशा टप्प्यांनी काम झाले. कॉफी व मॅकाडेमिया ही मुख्य पिके ठरली. कॉफी भाजणे, हातमाग, मातीकाम व पर्यटन यांमुळे मालाच्या अंतिम किमतीतील मोठा वाटा गावातच राहू लागला.

परिणाम व मर्यादा

एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून थायलंडमधील अफूखालील क्षेत्र काहीशे हेक्टरांच्या आत आले आहे. या यशाचे श्रेय एकट्या पर्यायी पिकांना देता येत नाही. देशाची आर्थिक वाढ, रस्ते, शाळा, शहरांतील रोजगार आणि राज्यसंस्थेचा डोंगरातील वाढता वावर हीही कारणे होती. शिवाय म्यानमारमध्ये लागवड चालूच राहिली.

नव्या पिकांनी नवे प्रश्नही निर्माण केले. कोबीसारख्या भाज्यांना पाणी व कीटकनाशके अधिक लागतात. चोम थोंग भागात यावरून डोंगरातील ह्माँग शेतकरी आणि सखल भागातील बागायतदार यांच्यात तीव्र संघर्ष झाला. वनकायद्यामुळे अनेक कुटुंबांना जमिनीची मालकी मिळाली नाही आणि काहींना नागरिकत्वासाठी दीर्घकाळ थांबावे लागले. वर्षानुवर्षे जोपासावी लागणारी फळझाडे लावणाऱ्याला जमिनीची शाश्वती नसणे, हा या धोरणातील अंतर्विरोध असल्याची टीका होते.

आंतरराष्ट्रीय महत्त्व

थायलंड व पेरू यांच्या पुढाकाराने तयार झालेली पर्यायी विकासाची मार्गदर्शक तत्त्वे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१३ मध्ये स्वीकारली. या संदर्भात अफगाणिस्तानशी तुलना केली जाते. तेथे एप्रिल २०२२ मधील तालिबानी बंदीनंतर संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीनुसार अफूखालील क्षेत्र एका वर्षात सुमारे २,३३,००० हेक्टरांवरून १०,८०० हेक्टरांवर आले आणि अफूविक्रीतून शेतकऱ्यांना मिळणारे उत्पन्न नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. अनेकांनी अफूऐवजी गहू पेरला. मात्र गव्हाचे उत्पन्न अफूच्या तुलनेत फारच कमी असल्याने, पर्यायाविना केलेली बंदी किती काळ टिकेल हा प्रश्न कायम राहिला.