फुरशाचे देणे

कोकणातल्या कातळावर आणि जांभ्याच्या गडग्यांत राहणारे फुरसे जेमतेम हातभर लांबीचे असते. डिवचले की ते अंगाची इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळणे करते आणि करवतीसारखे खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज काढते. ते चावले की रक्तात गोठण्याची क्रिया अवेळी सुरू होते, त्यासाठी लागणारी प्रथिने खर्ची पडतात आणि मग हिरड्यांतून, जुन्या जखमांतून रक्त झिरपत राहते. हे ओळखायला डॉक्टर कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडे रक्त घेतात, २० मिनिटे नळी न हलवता ठेवतात आणि मग तिरकी करतात. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर प्रतिविष सुरू करतात. याच फुरशाच्या विषातील एकिस्टॅटिन या प्रथिनाचा नमुना समोर ठेवून टायरोफिबॅन हे औषध घडवले गेले. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी वाढू नये म्हणून ते देतात आणि १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. गेल्या सव्वाशे वर्षांचा मागोवा घेताना विषाच्या या दोन वाटा शेजारी ठेवाव्या लागतात. विषापासून औषध करण्याची वाट खूप पुढे गेली, विषबाधा झालेल्याला वाचवण्याची वाट मात्र रेंगाळली. माझ्या मते याचे कारण विज्ञानाची मर्यादा हे नाही. विष नेमके काय करते, हा प्रश्न ज्याच्या भल्यासाठी विचारला गेला, त्याला उत्तर मिळाले.

प्रतिविषाची सुरुवात आल्बेर काल्मेत यांच्यापासून होते. सायगावमध्ये नागदंशाचे बळी पाहिलेल्या या फ्रेंच वैद्याने १८९५ च्या सुमारास विष टोचलेल्या प्राण्यांच्या रक्तद्रवापासून पहिले प्रतिविष तयार केले. पुढे मुंबईत परळच्या हाफकिनमध्येही घोड्यांना थोडे थोडे विष टोचून प्रतिविष बनू लागले. त्याने वाचवलेले जीव असंख्य आहेत आणि आजही त्याला पर्याय नाही. पण मूळ पद्धत तीच राहिली. भारतातले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बेतलेले असते आणि ते विष मुख्यतः तमिळनाडूतील इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, त्यामुळे दक्षिणेतल्या विषावर बनलेले प्रतिविष दूरच्या सापापुढे उणे पडू शकते. शिवाय घोड्याचे प्रथिन अंगात गेल्याने काही रुग्णांना तीव्र रिअॅक्शन येते.

दुसऱ्या वाटेवर १९३४ मध्येच इंग्लंडमध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी घोणशीचे विष पातळ करून हिमोफिलियाच्या रुग्णांच्या जखमांवर लावले. त्या विषावर आधारलेली रक्तचाचणी प्रयोगशाळांत अजून चालते. ब्राझीलमधला जराराका हा विषारी साप चावला की रक्तदाब कोसळतो. १९४९ मध्ये रोशा ए सिल्व्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषाच्या अभ्यासातून ब्रॅडिकायनिन शोधले. हे द्रव्य शरीरातच तयार होते आणि रक्तवाहिन्या सैल करते. त्याचा परिणाम वाढवणारा घटक सर्जिओ फेरेरा यांना विषात सापडला आणि तो त्यांनी लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत नेला. त्या धाग्यावरून स्क्विब कंपनीतल्या कुशमन आणि ऑन्डेटी यांनी कॅप्टोप्रिल घडवले, १९८१ मध्ये ते बाजारात आले आणि रक्तदाबाच्या औषधांची एक मोठी पिढी त्यातून उभी राहिली. शंखगोगलगाईच्या विषातून २००४ मध्ये असह्य वेदनांवरचे झिकोनोटाइड आले, तर गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेतून २००५ मध्ये मधुमेहावरचे एक्झेनाटाइड.

यावर कोणी म्हणेल की ही तुलनाच अन्यायाची आहे. रक्तदाबाचे रुग्ण कोट्यवधी आहेत, औषध शोधायला अफाट पैसा लागतो आणि ती औषधे आता खेड्यातल्या रुग्णालाही स्वस्तात मिळतात. हे सगळे खरे आहे. पण मोठा खर्च केल्याशिवाय विषबाधितासाठी काही करताच येत नाही, हा त्यातला गर्भितार्थ महाडने खोटा पाडला आहे. लाल विंचू चावलेल्या माणसाला दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, छातीत पाणी होते आणि हृदय थकते. महाडमध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या खाटेशी बसून हा क्रम नोंदवला. विषाने शरीरातली उत्तेजक द्रव्ये उसळतात आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हे ध्यानात घेऊन त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी वापरली. १९८६ मध्ये हे काम ‘लॅन्सेट’मध्ये आले. तीव्र बाधेतले मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या घरात होते, ते एका टक्क्याच्या आसपास उतरले. जराराकाच्या विषाला विचारलेलाच प्रश्न इथे विंचवाच्या विषाला विचारला गेला, पण विंचू चावलेल्या माणसासाठी.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: माणसे औषधाअभावी नव्हे, तर मांत्रिकाकडे वेळ गेल्याने आणि दवाखाना दूर असल्याने मरतात. हेही नाकारता येत नाही. पण प्रतिविषाला सलाइन लागते, रिअॅक्शन सांभाळणारा डॉक्टर लागतो. म्हणूनच तर अंतर जीवघेणे ठरते. वाटेतच देता येईल असे औषध शोधणे हे या अंतरावरचेही उत्तर आहे. हृदयविकारात अपयशी ठरलेल्या व्हॅरेस्प्लॅडिब या औषधाची भारतात आणि अमेरिकेत सर्पदंशावर चाचणी झाली. निर्णायक यश अजून दूर असले, तरी ही वाट उलट्या दिशेनेही चालता येते, एवढे त्यातून दिसले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले आणि पुढे २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. २००० ते २०१९ या काळात भारतात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने गेली, असा अंदाज २०२० च्या एका अभ्यासात मांडला गेला. त्यांतले बहुतेक खेड्यांतले होते. फुरशाने शहरातल्या हृदयरुग्णाला जे दिले, त्याचे मोल मोठे आहे. पण फुरसे ज्याच्या पायाला चावते, त्या गवत कापणाऱ्या माणसाचे देणे बाकी आहे. ते फेडण्याइतके ज्ञान आता आपल्याजवळ आहे.