कर्करुग्णाचे वजन आणि उपचारांची तड

चंदीगड – कर्करोगाचे निदान झाल्यावर शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी यांची चर्चा लगेच सुरू होते. रुग्ण काय खातो आणि किती खातो, ही विचारणा मात्र बहुधा त्याचे वजन बरेच उतरल्यानंतरच होते. आहारतज्ज्ञाचा सल्ला हा उपचारांचाच भाग मानावा आणि तो पहिल्या भेटीपासून मिळावा, ही मागणी त्यामुळेच पुढे आली आहे. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार भारतात २०२२ साली कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले. त्यांपैकी मुखकर्करोगाच्या रुग्णांचे प्रमाण मोठे असून, खाण्याची अडचण सर्वाधिक जाणवते ती त्यांनाच.

चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियातील रोजंदारीवरच्या मजुराला हा आजार झाल्यास आधी रोज बंद होतो आणि पाठोपाठ घरातील दूध, डाळ, अंडी कमी होतात. उपचारांसाठी तो शहरातील पीजीआय या केंद्रीय संस्थेत जातो किंवा जवळच मुल्लांपूर येथील होमी भाभा कर्करोग रुग्णालयात. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने उभारलेल्या या तीनशे खाटांच्या रुग्णालयाचे उद्‌घाटन २४ ऑगस्ट २०२२ रोजी झाले.

पीजीआयच्या बाहेर अन्नदानाची परंपरा जुनी आहे. फेरीवाले म्हणून आयुष्याची सुरुवात केलेले जगदीशलाल आहुजा यांनी येथे अनेक वर्षे लंगर चालविला. ‘लंगर बाबा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आहुजा यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. २०२१ साली त्यांचे निधन झाले. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयाबाहेरही रुग्णांना व नातेवाइकांना मोफत जेवण देणाऱ्या संस्था आहेत आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत बाहेरगावच्या रुग्णांना आसरा मिळतो.

या सेवेचे मोल मोठे आहे. तथापि भूक भागविणे आणि पोषण करणे यांत अंतर आहे. तोंडाच्या अस्तराला फोड आलेल्या रुग्णाला लंगरमधील चपाती गिळता येत नाही. त्याला तीच डाळ पातळ करून, तूप किंवा तेल घालून, थोडी थोडी दिवसातून सहा-सात वेळा द्यावी लागते. कधी नाकातून जठरापर्यंत घातलेल्या नळीवाटे. नळीवाटे द्यावयाचे अन्न नीट गाळलेले हवे, हात व भांडी स्वच्छ हवीत आणि ते तासन्‌तास बाहेर ठेवलेले नसावे. धर्मशाळेच्या एका खोलीत, एका स्टोव्हवर हे कसे जमवावे, हे पत्नीला किंवा मुलाला कोणीतरी बसून शिकवावे लागते. औषधांच्या चिठ्ठीवर ‘पौष्टिक आहार घ्यावा’ एवढे लिहून ते साधत नाही.

वजन घटण्याचा परिणाम थेट उपचारांवर होतो. डोके व मानेच्या कर्करोगात किरणोपचार साधारणतः सहा ते सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतात. किरण नेमके गाठीवर पडावेत म्हणून रुग्णाच्या चेहऱ्याच्या मापाचा साचा केलेला असतो. चेहरा उतरला की साचा सैल होतो आणि प्रसंगी सारे नियोजन पुन्हा करावे लागते. केमोथेरपीची मात्रा शरीराच्या आकारमानावर बेतलेली असते. अशक्त रुग्णाला ती सोसत नाही, मग मात्रा कमी होते किंवा पुढची फेरी लांबते. उपचार अर्ध्यावर सोडून गावी परतण्याची वेळ अनेकदा येथूनच सुरू होते.

सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून अधिक वजन घटणे हे धोक्याचे चिन्ह मानले जाते. साठ किलोच्या माणसाच्या बाबतीत ही घट केवळ तीन किलोंची. युरोपातील मार्गदर्शक तत्त्वांनुसार कर्करुग्णाला दररोज दर किलो वजनामागे २५ ते ३० कॅलरी आणि एक ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात. प्रत्येक भेटीत वजन करणे व खाणे कमी झाले का हे विचारणे, यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. पथ्याच्या कल्पना येथे आणखी अडचण करतात. साखर किंवा दूध बंद केल्याने गाठ सुकते, यास आधार नाही. मात्र उपाशी राहिल्याने रुग्ण निश्चित खंगतो.

मुलांच्या बाबतीत एक वाट सापडली आहे. मुंबईची कडल्स फाउंडेशन ही संस्था रुग्णालयांच्या बालकर्करोग विभागांत आहारतज्ज्ञ नेमते आणि पूरक आहाराबरोबर गरजू कुटुंबाला शिधाही पुरविते. मूल आजारी पडले की भावंडांच्या ताटातील घास कमी होतो, हे ओळखून केलेली ही व्यवस्था होय. प्रौढांसाठी एवढी तपशीलवार सोय क्वचितच दिसते.

आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयात भरती असतानाच्या जेवणाचा समावेश आहे. परंतु किरणोपचार घेणारे बहुतेक रुग्ण रोज येऊन जाणारे असतात. क्षयरोग्यांना सरकारने एप्रिल २०१८ पासून पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देण्यास सुरुवात केली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये केली. कर्करुग्णांसाठी अशी देशव्यापी पोषण योजना नाही.